घरच्या घरी लहान मुलांसाठी सेन्सरी प्लेचा कोपरा: काय ठेवावे, काय टाळावे

थोडक्यात

- १ ते ३ वर्षांचे मूल हाताने चाचपून, ओतून, कुस्करून, वास घेऊन आणि आपटून शिकते. त्यासाठी घरात चार फूट बाय चार फूट जागा पुरते.
- बहुतेक सामान स्वयंपाकघरात मिळते. महागडा सेन्सरी किट घेण्याची गरज नाही.
- या कोपऱ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हाताच्या अंतरावर बसलेले मोठे माणूस. तसे कोणी बसणार नसेल, तर त्या वेळी पाणी, धान्य, पीठ यांपैकी काहीही मुलासमोर ठेवू नये.
- मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरत असेल, तर खेळाने फरक पडेल म्हणून थांबू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे.

कुंडलिकेच्या एका काठाला रोहा आणि दुसऱ्या काठाला अष्टमी. जून लागला की दोन्हीकडच्या घरांत एकच अडचण येते. रायगडचा पाऊस चार महिने मुलाला बाहेर पडू देत नाही. पूर्वी अंगण नाही तरी पडवी असायची. आता अनेक कुटुंबे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात. आई-वडील कामाला जातात आणि मुलाला आजी सांभाळते. मूल रडले की मोबाईल हातात जातो, जेवतानाही तोच समोर असतो. मग दवाखान्यात पालक विचारतात, "डॉक्टर, मोबाईल नको तर मग द्यायचे काय?"

या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे.

सेन्सरी प्ले म्हणजे काय?

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पाच ज्ञानेंद्रिये आपण शाळेत शिकलो. याशिवाय शरीराला आणखी दोन जाणिवा असतात. एक तोलाची. ती कानाच्या आतल्या भागातून येते आणि झोका घेताना किंवा गिरकी मारताना काम करते. दुसरी स्नायू आणि सांध्यांतून येते. आपला हात कुठे आहे, किती जोर लावायचा, हे तिच्यामुळे कळते. भरलेला तांब्या उचलताना आणि रिकामा उचलताना आपण वेगवेगळा जोर लावतो, तो या जाणिवेमुळेच. या सगळ्या जाणिवांना एकत्र काम देणारा खेळ म्हणजे सेन्सरी प्ले.

तिसऱ्या वर्षापर्यंत मुलाच्या मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. या काळात मेंदूतील पेशींमध्ये नवीन जोडण्या झपाट्याने तयार होतात. ज्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या हळूहळू गळतात. वाटीतले पाणी दुसऱ्या वाटीत ओतणारे मूल डोळा आणि हात यांचा मेळ साधत असते, मनगट वळवायला शिकत असते. "भरली", "सांडलं", "थंड" हे शब्द तुम्ही त्याच वेळी म्हटलेत, तर ते त्या अनुभवाशी जोडून लक्षात राहतात. पडद्यावरच्या पाण्यात यातले काहीच होत नाही.

पण या खेळाकडून भलत्या अपेक्षा ठेवू नका. सेन्सरी प्लेने मूल "जिनियस" होत नाही. ऑटिझम किंवा बोलण्यातला विलंब यांवरचा तो उपचारही नाही. रोजच्या जेवणासारखी ही मुलाची रोजची गरज आहे, एवढेच.

ही कल्पना परदेशी नाही

सेन्सरी प्ले हा शब्द नवा असला तरी महाराष्ट्रात हे काम फार जुने आहे. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडला गेले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. विकत आणलेल्या साहित्याऐवजी पाने, फुले, बिया, खडे, शंख-शिंपले, माती अशा भोवताली मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत हेच नाव देशभर पोहोचले.

यातून आपण घ्यायचे ते इतके की वस्तू जवळची, साधी आणि फुकटची असली तरी चालते. मात्र तिथे वस्तूंइतकीच सोबत बसणारी बाईही होती. आपण घरी सामान जमवतो आणि सोबत बसणे विसरतो.

जागा कशी निवडावी

- ठिकाण: स्वयंपाक करताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना नजरेत राहील असा, पण गॅस, इस्त्री आणि मिक्सरपासून दूर असलेला कोपरा. गॅलरी घ्यायची असेल तर कठड्याला मूल चढू शकेल अशी खुर्ची, कुंडी किंवा खोका जवळ नको.
- जमीन: लादीवर पाणी सांडले की पाय घसरतो. खाली जाड चटई किंवा जुनी सतरंजी आणि त्यावर जुनी चादर अंथरा. खेळ संपला की चादरीची चारही टोके धरून सांडलेले एकदम उचलता येते.
- सीमा: चादर हीच सीमा. "तांदूळ चादरीवर" एवढा एकच नियम ठेवा. दीड वर्षाच्या मुलाला तो लगेच कळत नाही, पण रोज सांगितला की काही आठवड्यांत कळू लागतो.
- भांडी: एक पसरट परात, दोन-तीन स्टीलच्या वाट्या, एक पळी, एक गाळणी. काचेचे आणि धारदार कडेचे काही नको.
- कपडे: मळले तरी चालतील असे जुने कपडे. मूल मळले म्हणून ओरडणार असाल तर त्या दिवशी खेळ काढू नका.
- आसपास: विजेचे सॉकेट झाका. जवळच्या कपाटात औषधे, फिनेल, रॉकेल, उंदीर मारायचे औषध नाही याची खात्री करा.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. औद्योगिक वसाहतीतून भंगारात येणारे निळे ड्रम आणि कॅन स्वस्त मिळतात आणि घरोघरी पाण्यासाठी वापरले जातात. आधी त्यात कोणते रसायन होते हे आपल्याला माहीत नसते, आणि धुऊनही ते पूर्ण जाईलच असे नाही. असे ड्रम कापून मुलाच्या पाण्याचा किंवा मातीचा टब करू नका.

वयानुसार काय द्यावे

*१२ ते १८ महिने: सगळे तोंडात जाते*

या वयात तोंड हेही चाचपण्याचे साधन असते, म्हणून खाल्ले तरी चालेल असेच सामान द्या.

- भिजवून मऊ केलेले पोहे, शिजवलेला मऊ भात, दही, कुस्करलेले केळे परातीत.
- मोदकासाठी करतो तशी तांदळाच्या पिठाची उकड, बिनमिठाची. कोमट झाल्यावर गोळा हातात द्या. हळदीचा पिवळा, बिटाच्या रसाचा लाल, पालकाच्या रसाचा हिरवा असे तीन गोळे पुरतात.
- वेगवेगळ्या पोताची कापडे: मऊ सुती साडी, खादी, पंचा, गोधडीचा तुकडा. तुकडे मोठे आणि सुटे दोरे नसलेले असावेत.
- आवाजासाठी स्टीलची वाटी आणि लाकडी पळी.

*१८ ते २४ महिने: ओतणे आणि भरणे*

- परातीत दोन बोटे पाणी, दोन वाट्या आणि एक गाळणी.
- वासासाठी तुळशीची पाने, कढीपत्ता, लिंबाची साल, आल्याचा मोठा तुकडा. मुलाच्या हाताला मिरची, मिरी लागू देऊ नका. तेच हात डोळ्यांत जातात.
- स्नायूंना काम म्हणून कांद्या-बटाट्यांनी अर्धी भरलेली पिशवी ओढणे, उशी उचलून नेणे, उशांच्या ढिगावरून चढणे.

*२ ते ३ वर्षे: तोंडात घालणे थांबल्यावर*

- कोरडे तांदूळ किंवा रवा परातीत, सोबत वाटी आणि चमचा. मूल अजून वस्तू तोंडात घालत असेल तर वय कितीही असो, कोरडे धान्य नको.
- शाडूची माती. पेण आणि आसपासच्या गावांत गणपतीच्या कारखान्यांमुळे ती सहज मिळते. रंग किंवा प्लास्टर न मिसळलेली, स्वच्छ, भिजवून मळलेली माती घ्या.
- पाने, मोठे शिंपले, नारळाची गुळगुळीत घासलेली करवंटी. शिंपल्यांच्या कडा आधी स्वतःच्या बोटाने तपासा.

एका वेळी एकच सामान काढा. परात, पाणी, माती आणि दहा खेळणी एकत्र ठेवली तर मूल कशातच रमत नाही.

कसे खेळवावे

१. मुलाचे पोट भरलेले आणि झोप झालेली असावी. सकाळी ९-१० किंवा दुपारची झोप झाल्यावरची वेळ चांगली.

२. तुमचा मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. मूल घशात काही अडकून गुदमरत असते किंवा पाण्यात तोंड बुडालेले असते, तेव्हा आवाज येत नाही. नजर बाजूला गेली तर कळतही नाही.

३. आधी स्वतः हात घाला. मूल पाहील आणि मग करेल.

४. शिकवू नका. जे चालले आहे त्याला शब्द द्या: "गार आहे ना?", "बघ, वाटी भरली", "अजून हवं?" मग थांबा आणि मुलाला उत्तर द्यायला वेळ द्या. ते फक्त बघेल किंवा "अं" म्हणेल. तेही उत्तरच आहे.

५. या वयात १० ते १५ मिनिटे पुरतात. मूल फेकू लागले, कंटाळले, डोळे चोळू लागले की आवरा.

६. आवरताना त्यालाही घ्या. वाटी उचलून देणे, चादर झटकायला एक टोक धरणे हाही खेळच आहे.

काय ठेवू नये

हा भाग आजी-आजोबांनाही वाचून दाखवा. दिवसाचा बराच वेळ मूल त्यांच्याकडे असते.

*घशात अडकणाऱ्या वस्तू.* शेंगदाणे, हरभरे, वाटाणे, राजमा, चिंचोके, मणी, बटणे, गोट्या, फुगे आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या खेळात नकोत. सोपी चाचणी अशी: मोठ्या माणसाने अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करावा. त्या गोलातून जी कडक वस्तू जाते, ती लहान मुलाला देऊ नये.

*पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत जेली बॉल.* सेन्सरी प्लेच्या व्हिडिओंत हे हमखास दिसतात. गिळले तर आतड्यात फुगतात आणि आतडे बंद करू शकतात. ते घरातच आणू नयेत.

*बटण सेल.* आवाज करणारी खेळणी, रिमोट, दिवाळीच्या बॅटरीवरच्या पणत्या यांत ते असतात. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल ते खेळणे काढून टाका.

*विषारी बिया.* लालबुंद, टोकाला काळा ठिपका असलेली गुंज दिसायला सुंदर, पण चावून फोडली गेली तर जिवावर बेतू शकते. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, ज्यांना आपण बिट्टी म्हणतो, त्याही हृदयावर घातक परिणाम करतात. आपल्या लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो असलो तरी तोंडात घालणाऱ्या मुलाजवळ त्या नकोत.

*प्लास्टर ऑफ पॅरिस आणि मूर्तींचे रंग.* प्लास्टर पाण्यात घट्ट होताना तापते. त्यात हात रुतवून ठसा घेण्याच्या नादात त्वचा भाजू शकते. मूर्तींचे उरलेले रंग, रांगोळीची पूड, होळीचे रंग हेही खेळायला देऊ नका.

*उडणारी पूड.* टाल्कम पावडर, मैदा, भाताचा तूस श्वासातून आत जातो किंवा डोळ्यांत जातो. दम्याचा किंवा वारंवार छाती भरण्याचा त्रास असलेल्या मुलाला तर पूड नकोच.

*खूप मीठ घातलेली कणीक.* इंटरनेटवरच्या प्ले-डोच्या पाककृतीत वाटीभर मीठ असते. मुलाने तसा गोळा खाल्ला तर रक्तातील मीठ धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

*साडीची झोळी, लांब दोऱ्या.* झोका चांगला, पण सोबत कोणी असेल तेव्हाच. खेळ संपला की झोळी वर गुंडाळून ठेवा. गळ्यात अडकणारी दोरी किंवा ओढणी खेळात नको.

*पाणी.* लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकते. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत तोल गेला तर मुलाला स्वतःहून वर येता येत नाही. खेळ संपला की परात त्याच क्षणी रिकामी करा, बादली पालथी ठेवा, न्हाणीघराचे दार बंद ठेवा. दारावरची बेल वाजली किंवा फोन आला तर मुलाला उचलून सोबत न्या.

विकतची खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. जुन्या, रंगाचे पोपडे निघणाऱ्या लाकडी खेळण्यांत आणि खिडकीच्या गजांवर शिसे असलेला रंग असू शकतो. ते मुलाला चाटू देऊ नका.

अपघात झालाच तर

*घशात काही अडकले:* मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर खोकू द्या. पाठीवर मारू नका, घशात बोट घालू नका. खोकला बंद झाला, आवाज निघेना, ओठ निळे पडू लागले तर लगेच:

- एक वर्षावरील मूल: पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ धक्के द्या. निघाले नाही तर मुलाच्या मागे गुडघ्यांवर बसा, बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने ५ धक्के द्या. आलटून पालटून करत राहा.
- एक वर्षाखालील बाळ: हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर ५ धक्के. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी ५ दाब. पोट दाबू नका.
- दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. मूल बेशुद्ध पडले तर सीपीआर सुरू करा.

*मूल ठसकले आणि मग शांत झाले:* खेळता-खाताना अचानक जोराचा ठसका लागला, मग सगळे ठीक वाटले, पण नंतर खोकला किंवा घरघर सुरू राहिली, तर दाणा श्वासनळीत गेलेला असू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही, म्हणून "एक्स-रे चांगला आहे" यावर समाधान मानू नका. ठसका कधी आणि कशाने लागला हे डॉक्टरांना नक्की सांगा. ही एक ओळ कळली नाही तर मुलाला आठवडेच्या आठवडे न्यूमोनियाची औषधे चालू राहू शकतात.

*नाकात किंवा कानात बी घातली:* चिमटा, पिन, तेल, पाणी काही घालू नका. पाण्याने बी फुगते. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येणारा शेंबूड येत असेल तर आत काही अडकले असण्याची शक्यता मोठी असते.

*बटण सेल किंवा विषारी बी गिळली, रॉकेल किंवा फिनेल प्यायले:* उलटी करवू नका. सेलचे पाकीट, बी किंवा बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा. त्रास दिसत नाही म्हणून घरी थांबू नका.

माती, पावसाळा आणि स्वच्छता

- उकड, पोहे, भात त्या दिवशीच टाकून द्या. आपल्या दमट हवेत बुरशी लवकर धरते.
- शाडूचा गोळा रोज वाळवा. वास आला तर बदला.
- खेळानंतर साबणाने हात धुवा, नखे कापलेली ठेवा.
- पावसाळ्यात रस्त्यावरच्या आणि गोठ्याजवळच्या साचलेल्या पाण्यात मुलाला खेळू देऊ नका. उंदीर आणि जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल तर धोका जास्त. पावसात भिजायचेच असेल तर गच्चीवरचा किंवा अंगणातला वाहता पाऊस बरा.
- परसात माती किंवा वाळूचा ढीग असेल तर रोज हलवून पाहा आणि खेळ संपल्यावर झाका. जांभ्या दगडांच्या आणि लाकडांच्या ढिगाजवळ कोपरा करू नका. कोकणातला लाल विंचू अशाच जागी असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनामुळे विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरात आले आणि अनेक जीव वाचू लागले, पण त्यासाठी मूल वेळेवर रुग्णालयात पोहोचले पाहिजे.
- १६ ते २४ महिन्यांतला डीपीटीचा बूस्टर झाला आहे ना, ते लसीकरण कार्डावर पाहा. त्यात धनुर्वातापासून संरक्षण मिळते.
- राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीतून मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी चुकवू नका. १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी (२०० मिलिग्रॅम), त्यापुढे पूर्ण (४०० मिलिग्रॅम), चुरून पाण्यातून.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे

काही मुले चिकट वस्तूला हात लावायला नाखूश असतात. तेवढ्यावरून घाबरू नका. जबरदस्तीने हात बुडवू नका. चमच्याने खेळू द्या, तुम्ही खेळा, काही दिवसांनी पुन्हा ठेवा. मात्र पुढीलपैकी काहीही दिसले तर तपासणी करून घ्या:

- १२ महिन्यांनंतरही नावाने हाक मारल्यावर वळत नाही.
- १८ महिन्यांपर्यंत हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, चालत नाही.
- १६-१८ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, २ वर्षांपर्यंत "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही.
- नजरेला नजर देत नाही, परातीशी एकटेच तासन्‌तास एकच हालचाल करत बसते, तुम्हाला खेळात घेत नाही.
- मिक्सर, कुकरची शिट्टी, कपड्याचा स्पर्श यांनी इतके बेचैन होते की जेवण, अंघोळ, झोप बिघडते.
- आवाजाकडे लक्षच देत नाही. अशा वेळी आधी श्रवण तपासणी हवी.
- आधी येत असलेले शब्द किंवा कौशल्ये कोणत्याही वयात हरवली. यासाठी एक आठवडाही थांबू नका.

"मुलगे उशिराच बोलतात", "याचे वडीलही तीन वर्षांनी बोलले" हे घरोघरी ऐकू येते. मूल पुढे व्यवस्थित बोललेच, तर तपासणी केल्याने काही बिघडत नाही. पण खरोखर अडचण असेल तर दोन ते तीन वर्षांमधले हे वर्ष पुन्हा मिळत नाही.

ही तपासणी मोफत होऊ शकते. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि विकासातील विलंबही तपासते. तोपर्यंत थांबायचे नसेल तर अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात विचारा. गरज पडल्यास तिथून पुढच्या तज्ज्ञांकडे पाठवले जाते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मूल माती खाते. खेळ बंद करावा का?
एक-दीड वर्षाचे मूल चव बघते, ते स्वाभाविक आहे. दोन वर्षांनंतरही महिनाभर सतत माती, चुना, भिंतीचे पोपडे खात असेल तर लोहाची कमतरता असू शकते. हिमोग्लोबिन तपासून घ्या. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना सरकारी कार्यक्रमातून आठवड्यातून दोनदा लोह आणि फॉलिक ॲसिडचे सिरप दिले जाते. ते सुरू आहे का, पाहा.

पाण्यात खेळून सर्दी होईल का?
सर्दी विषाणूंमुळे होते, पाण्यामुळे नाही. कोमट पाणी घ्या, १०-१५ मिनिटांनी अंग पुसून कोरडे कपडे घाला. ताप किंवा खोकला असेल त्या दिवशी पाण्याऐवजी कापडे किंवा उकड द्या.

अन्नाशी खेळणे बरे नव्हे, असे आजी म्हणतात.
त्यांची भावना योग्य आहे. उरलेला भात, जास्त पिकलेले केळे असे टाकून द्यायचे अन्न वापरा. पण ते आंबलेले, खराब झालेले नसावे. किंवा पोळ्या करताना कणकेचा गोळा द्या आणि त्याची छोटी पोळी भाजा. मग तो खेळ स्वयंपाकच होतो. कच्ची कणीक मात्र खाऊ देऊ नका.

मोबाईल किती वेळ चालेल?
भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सल्ल्यानुसार २ वर्षांपर्यंत पडदा अजिबात नको. बाहेरगावच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. २ ते ५ वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, जितका कमी तितका चांगला.

आम्ही दोघेही कामाला जातो. वेळ कुठून आणायचा?
वेगळा वेळ काढता आला नाही तरी चालेल. अंघोळीच्या वेळी तांब्याने पाणी ओतू देणे, भाजी निवडताना कोथिंबिरीचा वास देणे, रुमालाची घडी घालायला देणे हे सगळे सेन्सरी प्लेच आहे. आजीला सामानाची यादी देण्यापेक्षा वरची "काय ठेवू नये" ही यादी द्या, आणि आजीचे गुडघे दुखत असतील तर पाण्याचा खेळ तुम्ही घरी असताना ठेवा. घसरलेल्या मुलाला पटकन उचलता आले पाहिजे.

आज सुरुवात करायची असेल तर एक जुनी चादर, एक परात आणि वाटीभर भिजवलेले पोहे घ्या. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पंधरा मिनिटे मुलाजवळ खाली बसा.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या मुलाच्या तब्येतीबाबत किंवा वाढीबाबत शंका असल्यास प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवून सल्ला घ्यावा.*